डॉन्टिंग शब्दाची तपासणी

आमच्या सिलागोन बेटावर वीज रोज चार तास येते, डॉक्टर महिन्यातून एकदा येतो आणि इंग्रजी शब्द मात्र दर सोमवारी न चुकता येतो. वारा असो, लाटा असोत, शब्द यायचा थांबत नाही. विभागीय शिक्षण कचेरीची तशी योजनाच आहे: दर आठवड्याला एक शब्द आणि प्रत्येक शब्दाबरोबर चाळीस पानांची एक पुस्तिका. मुखपृष्ठावर पर्यवेक्षक डॉक्टर सोब्रेवेगा यांचा हसरा फोटो. शब्द बदलतो, फोटो तोच राहतो.

मी निवृत्त मास्तर. चौतीस वर्षं याच शाळेत शिकवलं, आता शाळेसमोरच्या ओट्यावर बसतो. सगळं बेट मला लोलो म्हणतं, म्हणजे आजोबा. बेटावर दुसरं काहीच छापील येत नसल्यामुळे त्या पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. असं करणारा साऱ्या प्रांतात मी एकटाच असावा. लिहिणाऱ्यांनीही इतकं धाडस केलं नसेल.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आलेला शब्द होता ‘डॉन्टिंग’. पहिली अकरा पानं उद्दिष्टांची होती. त्यांत उद्दिष्टं होती, उपउद्दिष्टं होती आणि उद्दिष्टं का असावीत याची उद्दिष्टं होती. अर्थ बाराव्या पानावर सापडला: ‘भीतिदायक, दडपण आणणारे, नाउमेद करणारे इत्यादी.’ उरलेला सगळा भार ‘इत्यादी’वर टाकून पुस्तिका पुढे गेली होती.

त्याच होडीने एक पत्रही आलं. शुक्रवारी डॉक्टर सोब्रेवेगा स्वतः रोझविलचा धडा बघायला येणार होते.

रोझविल पाचवी-सहावीची बाई. दोन्ही इयत्ता मिळून मुलं आठ. ती माझीच विद्यार्थिनी. तेव्हा अजून हंगामी होती. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: धडा पसंत पडला तर ती या शाळेत कायम, नाहीतर तिची जागा गावातल्या मोठ्या शाळेला देण्यात येईल. म्हणजे बेटावरची पाचवी-सहावी बंद. मग आठही मुलांनी रोज पहाटे होडीतून तासभर समुद्र ओलांडून गावी जायचं, नाहीतर चौथीवर समाधान मानून जाळी विणायला बसायचं. बेटावर समाधान मानणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती.

मंगळवारी पाहतो तर वर्गातून पाढ्यांसारखा आवाज येत होता. मी खिडकीशी गेलो. मुलं बाकांवर ओळीने बसलेली. रोझविल कागद बघून इंग्रजीत प्रश्न विचारत होती आणि पहिल्या बाकापासून एकेक मूल उठून उत्तर देऊन बसत होतं.

“मच्छीमाराला डॉन्टिंग काय?”

“वादळ!”

“मेयरना डॉन्टिंग काय?”

“निवडणूक!”

पुढे विद्यार्थ्याला लांबलचक भागाकार, पाद्रीबाबांना रिकामं चर्च, झुंजीच्या कोंबड्याला रविवार, आईला कपड्यांचा ढीग, सुताराला वाकडं लाकूड. सात प्रश्न, सात मुलं, सात उत्तरं. कोंबड्याचं उत्तर मला आवडलं. आमच्याकडे झुंजी रविवारी लागतात, हे कचेरीच्या पुस्तिकेला ठाऊक नव्हतं, पण रोझविलला होतं.

सुट्टीत ती ओट्यावर आली.

“असं बघू नका ना लोलो. सगळेच असं करतात.”

“मी कुठं काय बोललो?”

“तुम्ही बोलत नाही तेव्हाच जास्त लागतं. एका शुक्रवारचा प्रश्न आहे. तो गेला की नीट शिकवीन.”

“आणि आठवं मूल?”

तिने मान खाली घातली. आठवं मूल म्हणजे आर्जेलिन, होडीवाल्या इस्मोची मुलगी. दहा वर्षांची. बापाच्या होडीत ती भर वाऱ्यात, कडेला तोलासाठी बांधलेल्या बाहेरच्या बांबूवर उभी राहून होडीचा तोल सांभाळते. तिथे मोठे मोठे गडी देवाचं नाव घेतात, ही पेरू खाते. पण वर्गात इंग्रजी वाक्य म्हणायला उभी केली, की ओठ शिंपल्यासारखे मिटतात.

“तिला हार घालायला ठेवलंय,” रोझविल म्हणाली. “हाराला इंग्रजी लागत नाही.”

त्या संध्याकाळी आर्जेलिन माझ्या ओट्यावर आली. पायरीवर बसून नखाने शेवाळ खरवडत राहिली.

“लोलो, इंग्रजी बोलायचं म्हटलं की माझ्या नाकातून रक्त येतं.”

आमच्याकडे कठीण इंग्रजी ऐकलं की सगळेच असं म्हणतात. मी तिचं नाक नीट तपासलं.

“कोरडं आहे. बरं, तो शब्द काय आहे या आठवड्याचा?”

“डॉन्टिंग. म्हणजे भीतिदायक, दडपण आणणारे, नाउमेद करणारे इत्यादी.”

“इत्यादी म्हणजे काय?”

“माहीत नाही. पण ते म्हटल्याशिवाय रोझविल माम बसू देत नाहीत.”

मी तिला आमच्या अंगणातल्या माडाखाली नेलं. झाड चांगलं तीन मजली. म्हटलं, “बुंध्याशी उभी राहा आणि वर बघ. कसं वाटतं?”

“उंच.”

“पहिल्यांदा चढलीस तेव्हा?”

तिने जरा आठवलं. “पोटात गोळा आला होता. वाटलं, नकोच.”

“तो गोळा आणणारं जे समोर उभं असतं ना, त्याला म्हणायचं डॉन्टिंग. काम असेल, परीक्षा असेल, लांबचा रस्ता असेल. अजून सुरू केलेलं नाही, सगळंच्या सगळं एकदम दिसतंय, तेव्हाचा शब्द आहे तो. समुद्रसाप पायाला डसला तर कोणी डॉन्टिंग म्हणत बसत नाही. तिथे ओरडायचं असतं.”

“आणि चढायला लागल्यावर?”

“तू सांग. चढताना काय असतं?”

“मुंग्या असतात. बुंधा ओला असला तर घसरतं. मांड्या सोलतात.”

“म्हणजे तेव्हा बाकीचे शब्द लागतात. हा खालीच राहतो.”

ती हसली आणि शब्द सोडून नारळ काढायला वर गेली. माझ्या मते धडा झाला होता. फक्त तो पाहायला पर्यवेक्षक नव्हते.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर सोब्रेवेगा आले. समुद्र तसा शांतच होता, पण त्यांच्या चेहऱ्याला ते कळलेलं दिसत नव्हतं. चेहरा कच्च्या पपईसारखा हिरवा. होडी किनाऱ्यापासून थोडी लांब थांबते. मग होडीपासून वाळूपर्यंत एक लांब अरुंद फळी टाकतात आणि बाजूने दोन माणसं खांद्यावर बांबू धरून उभी राहतात, धरून चालायला. डॉक्टरसाहेब त्या फळीवरून बसून, सरकत सरकत उतरले. फोटोतलं हास्य त्यांनी बहुधा फोटोतच ठेवलं होतं. आर्जेलिनने हार घातला, तेव्हा त्यांनी तो ओकारीच्या भीतीने आधी दूर धरला आणि मग गळ्यात घेतला.

वर्गात येताच त्यांनी कपाळाला रुमाल लावला आणि म्हणाले, “हे बाक असे का? पुस्तिकेत वर्तुळ सांगितलंय. माझ्या पद्धतीत मुलं वर्तुळात बसतात. वर्तुळात कुणी पहिला नसतो, कुणी शेवटचा नसतो.”

रोझविलने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीत होतो. तिचा चेहराही पपईच्या रंगाकडे वळू लागला.

बाक सरकले. आठ मुलं गोल बसली. डॉक्टरसाहेब वाऱ्याची बाजू बघून मुलांमध्येच एका खुर्चीत टेकले. आता पाठांतराला पहिला लागतो आणि शेवटचा लागतो, ही गोष्ट त्यांच्या पद्धतीत बसत नव्हती. मुलांनी आपापसांत डोळ्यांनी विचारलं: सुरुवात कुठून? शेवटी सर्वांनी मिळून सोपा न्याय केला. साहेबांच्या उजव्या हाताला जो, तो पहिला. तिथे बसला होता केरविन, ज्याच्या वाट्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

“मच्छीमाराला डॉन्टिंग काय?” रोझविलने कागदावरून डोळे न काढता विचारलं.

केरविन ताडकन उठला. “निवडणूक!”

रोझविल थबकली. पण सराव असा झाला होता, की तिची जीभ आपोआप पुढे गेली.

“मेयरना डॉन्टिंग काय?”

“लांबलचक भागाकार!”

हे मात्र सगळ्या बेटाला माहीत होतं. बंधाऱ्याचा पैसा चार वाड्यांत कसा वाटायचा, ते मेयरना सहा वर्षं जमलेलं नाही. मी खिडकीत खोकलो.

“विद्यार्थ्याला?”

“रिकामं चर्च!”

“पाद्रीबाबांना?”

“रविवार!”

“कोंबड्याला?”

“कपड्यांचा ढीग!”

“आईला?” रोझविलचा आवाज आता मांजरीच्या पिलाएवढा झाला होता.

“वाकडं लाकूड!”

त्यानंतरच्या जागेवरची आर्जेलिन ठरल्याप्रमाणे गप्प राहिली आणि तिच्या पलीकडच्या मुलाने सुताराच्या माथी वादळ मारून वर्तुळ पूर्ण केलं. सातही मुलं छाती काढून बसली. एकही अडखळलं नव्हतं. उच्चार स्वच्छ होते.

डॉक्टरसाहेबांनी मांडीवरचा तपासणीचा तक्ता उघडला.

“मिस रोझविल, यांना अर्थ कळतो की नुसती उत्तरं पाठ आहेत?”

रोझविलने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “पाठ आहेत, सर. मीच पाठ करून घेतली.”

“का?”

“तुम्ही येणार म्हणून.”

“मी मदत करायला येतो,” डॉक्टरसाहेब दुखावल्या सुरात म्हणाले. “माझी भीती कशाला वाटायला हवी?” आणि त्यांनी एकेक रकाना रिकामा सोडत खाली येऊन शेवटी लिहिलं: ‘जागा हलवावी.’ अक्षर सुंदर होतं. मी खिडकीतून वाचू शकलो.

रोझविलही वाचू शकली. ती पाठमोरी होऊन फळा पुसू लागली. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

जेवणात बेटाने दोन गावठी कोंबड्या आणि टोपलीभर खेकडे शिजवले होते. निकाल जेवणाआधी लागला म्हणून जेवण मागे घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. डॉक्टरसाहेबांच्या पोटाची तक्रार कोंबडीच्या वासाने मिटली. त्यांनी दोनदा भात घेतला, ग्रामीण शिक्षणाच्या दुरवस्थेवर दहा मिनिटं बोलले आणि उरलेले खेकडे पिशवीत बांधून घेतले. खेकड्यांची जागाही हलली म्हणायची.

तेवढ्यात वारा उठला. हा आमचा हिवाळी वारा सांगून येत नाही. आर्जेलिनचा बाप इस्मो धावत आला.

“साहेब, आता निघालो तर पोचू. अर्धा तास थांबलात, तर मग परवापर्यंत खेकडेच.”

आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. होडी वरखाली होत होती आणि फळीचं तिकडचं टोक होडीबरोबर उठत-बसत होतं. बांबूचं किनाऱ्याकडचं टोक मी आणि रोझविलने खांद्यावर घेतलं, होडीकडचं इस्मोच्या भावाने.

डॉक्टरसाहेब फळीपाशी आले. एका हातात खेकड्यांची पिशवी, काखेत तक्त्याची फाईल. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग फळीच्या टोकाकडे, मग त्यापलीकडच्या अख्ख्या समुद्राकडे. आणि थांबले. सकाळी सरकत तरी आले होते. आता फळीला पायही लावेनात.

“दुसरा रस्ता नाही?”

“पोहत,” इस्मो होडीतून म्हणाला.

“घाई करू नका मला!”

“मी नाही करत, साहेब. वारा करतोय.”

मुलं हसली नाहीत. त्यांचं मला कौतुक वाटलं. मला स्वतःला फार जड गेलं. आणि खरं ते सांगतो, माझ्या मनात एक विचार येऊन गेला, की मी म्हातारा माणूस, साहेब फळीच्या मध्यावर असताना माझा खांदा अवघडू शकतो. मी विचाराला परत पाठवलं आणि बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तेवढ्यात आर्जेलिन पुढे झाली. तिने साहेबांच्या हातातली पिशवी घेतली, फाईल घेतली, तीन पावलांत फळीवरून जाऊन दोन्ही वस्तू होडीत ठेवल्या आणि परत आली. मग त्यांच्यासमोर उभी राहिली. ओठ मिटलेले. मला वाटलं, नुसता हात देईल. पण मोठ्या साहेबांशी इंग्रजीतच बोलायचं असतं, असं तिला वाटत असावं. तिने श्वास घेतला.

“सर,” ती इंग्रजीत म्हणाली, “फळी डॉन्टिंग इथून. तिथून नाही.”

वाऱ्यातही ते स्वच्छ ऐकू आलं. माझ्या खांद्याशेजारी रोझविलचा श्वास अडकल्याचं बांबूतून मला कळलं.

डॉक्टरसाहेब तिच्याकडे बघत राहिले. “काय म्हणालीस?”

तिला वाटलं, इंग्रजी चुकलं. तिने शब्द सोडून हातच पुढे केला. “समुद्र नका बघू,” ती आता आमच्या भाषेत म्हणाली. “माझ्या टाचा बघा. मी टाकेन तिथंच पाय टाका. बाकीचं आहे तिथंच राहतं.”

आणि ती त्यांना घेऊन गेली. डॉक्टरसाहेब दहा वर्षांच्या पोरीच्या टाचांकडे बघत, एका हाताने बांबू आवळत, पाऊल पाऊल चालत होडीत पोचले. सरकत नाही, चालत.

होडीत बसल्यावर त्यांच्या चेहऱ्याला रंग आला. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. मी ओरडलो:

“साहेब! पुस्तिकेचं अडतिसावं पान!”

“काय?”

“अडतीस! अंतिम कसोटी!”

“पुस्तिकेत तसं काही नाही!”

“आहे, साहेब! खाली सही आपली आहे!”

त्यांनी फाईलमधून पुस्तिका काढली. त्या पानापर्यंत ती प्रथमच उघडत असावी. कडा चिकटलेल्या होत्या. मला मजकूर पाठ होता. ‘विद्यार्थ्याने हा शब्द वर्गाबाहेर, कोणी न सांगता, स्वतःच्या वाक्यात, दुसऱ्याच्या उपयोगासाठी वापरल्यास धडा पूर्ण यशस्वी समजावा. मग इतर रकाने पाहण्याची गरज नाही.’ असं कधी घडेल, अशी ज्याने कुणी हे लिहिलं त्याला शंकाही नसणार. म्हणूनच तो इतका उदार झाला होता.

डॉक्टरसाहेबांनी दोनदा वाचलं. मग आर्जेलिनला, जी फळी ओढून घ्यायच्या तयारीत होती, विचारलं, “ते वाक्य तुला कुणी पाठ करून दिलं?”

“नाही सर. पाठ केलेली सगळी वर्गातच संपली. हे उरलेलं होतं.”

“वर्गात तर एक शब्द बोलली नाहीस!”

“वर्गात मला प्रश्न नव्हता, सर.”

इस्मोने इंजिनाच्या दोरीला हात घातला. “साहेब, वाचून झालं का? वाऱ्याला वाचता येत नाही.”

डॉक्टरसाहेबांनी मान वळवून फळीकडे पाहिलं, आता त्या बाजूने, चालून आल्यावर. बराच वेळ पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि तक्ता गुडघ्यावर घेतला. इंजिन धडधडलं, पाणी उडालं, आर्जेलिन बाहेरच्या बांबूवर जाऊन उभी राहिली आणि होडी वळली. त्यांनी काय लिहिलं, लिहिलं की नुसतंच पेन धरलं, ते किनाऱ्यावरून कुणालाच दिसलं नाही.

“बदललं असेल का हो?” रोझविलने विचारलं. बांबू अजून तिच्या खांद्यावरच होता.

“बांबू खाली ठेव आधी,” मी म्हटलं.

सतरा दिवसांनी पत्र आलं. त्या दरम्यान दोन शब्द येऊन गेले होते आणि रोझविलने त्यांतलं एकही वाक्य कुणाकडून पाठ करून घेतलं नव्हतं. पाकीट कचेरीच्या शिक्क्याचं, मध्यम आकाराचं, वजनाला काहीच नाही. तिने ते टेबलावर ठेवलं आणि शिकवत राहिली. मधली सुट्टी झाली, पाकीट तसंच. मुलं डबे खाऊन परत आली, पाकीट तसंच. मी खिडकीशी येऊन गेलो, मला म्हणाली, “बघते हो, लोलो, घाई काय आहे?” आणि खडूने बोटं पांढरी करत उभी राहिली.

शेवटी आर्जेलिन जागेवरून उठली. न सांगता, न विचारता.

“माम,” ती टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, “डॉन्टिंग इथून.”

सगळा वर्ग रोझविलकडे बघत होता. रोझविल तिच्याकडे बघत होती. मग तिने हात झटकले, पाकीट उचललं आणि कडेने फाडलं.

आत दोनच ओळी होत्या. ‘शिक्षिका याच शाळेत कायम. मुलांनी वर्तुळाचा अधिक सराव करावा.’